अ‍ॅक्युपंक्चर पहिल्यांदाच घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या सिटिंगला येण्याआधी लोक फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सुरुवातीलाच एक सांगायचं आहे: आधी निदान, मग सुया. दुखण्याचं कारण माहीत नसताना नुसतं दुखणं कमी केलं, तर आजार आत तसाच वाढत राहतो. आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि खाली तो पुन्हा पुन्हा येईल.

१. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये नेमकं काय करतात?

शरीरावरच्या ठरावीक जागी बारीक सुया टोचतात आणि साधारण २० ते ३० मिनिटं तशाच ठेवतात. सुई भरीव असते, पोकळ नसते. म्हणजे तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. पारंपरिक चिनी मांडणीत शरीरात ‘ची’ नावाची शक्ती मार्गांमधून वाहते आणि त्या मार्गांवर ३६१ बिंदू मानतात. आजच्या शरीरशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. सुईमुळे नसांना संदेश जातो, त्या जागेचं रक्ताभिसरण बदलतं आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन वगैरे, सोडतं, हे मात्र प्रयोगांत दिसलं आहे. बिंदूंचे नकाशे आम्ही आजही वापरतो, पण रुग्णाला समजावताना हे दुसरं स्पष्टीकरण जास्त प्रामाणिक वाटतं.

२. सुई टोचताना खूप दुखतं का? मला इंजेक्शनचीच भीती वाटते.

रक्त तपासणीला वापरतात ती सुई साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची असते. आमची नेहमीची सुई ०.२५ मिलिमीटरची. त्वचेतून जाताना मुंगी चावल्यासारखं होतं, कधी तेही कळत नाही. त्यानंतर आत जडपणा, ठणका किंवा मुंग्या जाणवतात. ते अपेक्षित आहे. वीज चमकल्यासारखी कळ आली किंवा आग झाली, तर लगेच सांगा, सुई थोडी मागे घेतली जाते. सहन करत बसण्यात काहीही फायदा नाही. भीती जास्त असेल तर झोपूनच सुया घ्या आणि पहिल्या दिवशी दोन-चारच घेऊ या असं आपणहून म्हणा. चांगला थेरपिस्ट नाही म्हणणार नाही.

३. अ‍ॅक्युप्रेशर, सुजोक, ड्राय नीडलिंग हे सगळं एकच ना?

नाही. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये सुई नसते, बोटाने किंवा लाकडी काडीने बिंदू दाबतात. सुजोक कोरियात तयार झालं. त्यात सगळ्या शरीराचा नकाशा हातापायांवर मानतात, आणि बोटांवर चिकटपट्टीने मेथीदाणे किंवा मूग लावलेले तुम्ही पाहिले असतील. ड्राय नीडलिंग बहुधा फिजिओथेरपिस्ट करतात. सुई अ‍ॅक्युपंक्चरचीच असते, पण चिनी बिंदू न बघता ती थेट स्नायूतल्या गाठीत टोचतात, त्यामुळे स्नायू फडफडतो आणि दुखतंही जास्त. ‘मशीन लावणं’ म्हणजे टोचलेल्या सुयांना तारा जोडून अगदी कमी दाबाची वीज देणं. ते सगळ्यांना चालत नाही (प्रश्न १४ पाहा).

४. हे मूळचं आपलंच, आयुर्वेदातलंच आहे असं म्हणतात. खरं का?

आज आपण जे अ‍ॅक्युपंक्चर घेतो, त्याचे बिंदू, त्यांची नावं, ग्रंथपरंपरा सगळं चीनचं आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेध आणि शिरावेध आहेत, पण शिरावेध म्हणजे रक्त काढणं, ते वेगळं. काही वैद्य विद्धकर्म (आयुर्वेदातली सुईने टोचण्याची पद्धत) करतात, तेही वेगळं.

महाराष्ट्राचा धागा दुसरीकडून येतो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक होते. त्यांनीच अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ही समजूत चुकीची आहे, कारण ते परत आलेच नाहीत, १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. पश्चिम बंगालमध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा महाराष्ट्राच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये झाला, तो काही योगायोग नसावा.

५. कोणकोणत्या आजारांवर खरंच उपयोग होतो?

फलकावर चाळीस-पन्नास आजारांची यादी दिसली की थोडं थांबा. त्या यादीचं मूळ बऱ्याचदा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९ च्या यादीत असतं. तेव्हा आजच्या दर्जाचे प्रयोग फारसे झालेलेच नव्हते.

अभ्यासांचा आधार त्यातल्या त्यात बरा आहे तो वारंवार उठणारी डोकेदुखी आणि मायग्रेन, जुनाट मानदुखी-कंबरदुखी, आणि ऑपरेशन किंवा केमोथेरपीनंतरची मळमळ यांत. मायग्रेनचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात जवळपास ५,००० रुग्ण होते. अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्या १०० पैकी ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत १७ जणांची.

आता याच विषयाची दुसरी बाजू. अभ्यासक खोट्या सुयाही लावून बघतात, म्हणजे चुकीच्या जागी आणि वरवर टोचलेल्या. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांत ४७.६ टक्के, खोट्या जागी लावलेल्यांत ४४.२ टक्के आणि नेहमीचे औषध-व्यायामाचे उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्के लोकांना फरक पडला. सुया घेतलेले दोन्ही गट पुढे गेले, पण बिंदू अचूक असण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान निघाला. म्हणून ‘हा गुप्त बिंदू फक्त मलाच माहीत आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या पहिल्या उपायांत अ‍ॅक्युपंक्चर घेतलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठीच ते काढून टाकलं, आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मात्र विचारात घ्या म्हणून सांगितलं. माझं मत असं: निदान झालेलं आहे, गोळ्या पोटाला सोसत नाहीत किंवा पुरत नाहीत, आणि व्यायाम सुरू ठेवायची तयारी आहे, अशा माणसाने पाच-सहा सिटिंग करून बघायला हरकत नाही.

६. एमआरआयमध्ये ‘गॅप’ आलाय, गादी सरकलीय. सुयांनी गादी जागेवर बसेल का?

नाही. सुईने गादी मागे जात नाही, झिजलेला मणका भरून येत नाही. नसेभोवतीचा स्नायूंचा ताठरपणा आणि वेदना कमी होऊ शकते, तेवढ्या काळात व्यायाम करता येतो, झोप लागते. सरकलेली गादी पुष्कळ जणांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप आक्रसते, हेही सांगायला हवं, नाहीतर त्याचं सगळं श्रेय सुया घेऊन जातात.

पण पुढचं नीट वाचा. लघवी अडली किंवा न कळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मणक्याचं ऑपरेशन होईल अशा रुग्णालयात जा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही दिसतो, आणि तो वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो.

७. आईचे गुडघे गेलेत. ऑपरेशन टळेल का?

झिजलेली कूर्चा परत येत नाही, तेव्हा ‘टळेल’ असं वचन कुणी देत असेल तर ते चूक आहे. काही जणींना वेदनेत आराम मिळतो आणि जिना चढणं सुसह्य होतं. इथेही मार्गदर्शकं दोन टोकांना आहेत: अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यांसाठी सशर्त शिफारस केली, ब्रिटनने २०२२ मध्ये देऊ नका म्हटलं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं, यांचा आधार दोन्हीकडे जास्त पक्का आहे. आई ते करत असेल तर सुया जोडीला घ्या.

८. शुगर, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या बंद होतील ना?

होणार नाहीत, आणि सुयांच्या भरवशावर त्या बंद करूही नका. इन्सुलिनवर असलेल्या मुलांचे आईवडील हे विचारतात तेव्हा फार काळजी वाटते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. फिटच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, स्टेरॉइड यांचंही तेच. डोस कमी करायचा तर ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांनीच. ‘आधी सगळी औषधं बंद करा, मगच सुया लागू पडतात’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

९. तोंड वाकडं झालंय / लकवा मारलाय. लगेच सुया सुरू करू का?

अचानक तोंड वाकडं झालं, हात-पाय गळाला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करून ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे तिथे जा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी सुया, मग बघू, असं करताना ती वेळ निघून जाते. फक्त चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं झालं असेल, तरी ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरं होण्याची शक्यता वाढते. अ‍ॅक्युपंक्चरचा विचार यानंतर, फिजिओथेरपीच्या जोडीला.

१०. येताना काय खायचं, काय घालायचं? उपवास असेल तर?

पूर्ण रिकाम्या पोटी येऊ नका, चक्कर येण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण. तास-दीड तास आधी हलकं खा. संकष्टी किंवा एकादशी असेल तर केळं, दूध, राजगिऱ्याची वडी काहीही चालेल, निर्जळी उपवास असेल तर दिवस बदला. दारू पिऊन येऊ नका. कोपर आणि गुडघ्यापर्यंत सहज वर सरकतील असे सैल कपडे घाला. सगळे रिपोर्ट आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. ‘ती पांढरी, छोटी गोळी’ यावरून औषध ओळखता येत नाही. पाळी चालू असली तरी सिटिंग घेता येतं.

पाठीवर सुया घ्यायच्या तर अंग किती उघडं करावं लागेल हे आधी विचारा. चादर मागा, सोबतीला घरचं माणूस किंवा महिला मदतनीस हवी असेल तर सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

११. किती सिटिंग लागतील? पॅकेज घेतलं तर स्वस्त पडतं म्हणतात.

जुनाट दुखण्याला साधारण आठवड्यातून एक-दोनदा, सहा ते दहा सिटिंग. पहिलं सिटिंग तासभर चालतं, कारण त्यात तपासणी आणि माहिती विचारणं असतं. सुरुवातीलाच एक मोजमाप ठरवा: आठवड्यात किती दिवस डोकं दुखलं, किती अंतर न थांबता चालता आलं, किती गोळ्या लागल्या. वहीत लिहा. पाच-सहा सिटिंगनंतर त्यात काहीच हललं नाही, तर थांबा. ‘आता आतून बरं होतंय, बाहेर दिसायला वेळ लागेल’ हे उत्तर पुरेसं नाही. नेमक्या याच कारणासाठी तीस-चाळीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका. थांबायचा निर्णय तुमच्या हातात राहायला हवा.

१२. सुया नव्याच आहेत हे कसं कळणार?

पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर निर्जंतुकीकरणाची आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. वापरलेल्या सुया टोचून आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात जायला हव्यात, साध्या केराच्या टोपलीत नाहीत. काही ठिकाणी रुग्णाच्या नावाची डबी करून त्याच सुया पुढच्या वेळी वापरायची जुनी पद्धत अजून आहे. ‘तुमच्याच तर सुया आहेत’ हे पटण्यासारखं वाटतं, पण डब्या अदलाबदल होतात आणि स्पिरिटने पुसून सुई निर्जंतुक होत नाही. ‘ब’ प्रकारची कावीळ वापरलेल्या सुयांतून पसरल्याच्या नोंदी आहेत. म्हणून नाही म्हणा. मंगल कार्यालयातल्या मोफत शिबिरातही हाच नियम, कारण गर्दीतच हे सुटतं.

सुया काढताना मोजायला सांगा, स्वतःही मोजा. केसांत किंवा पाठीखाली एखादी राहून गेल्याचं घडतं.

१३. अ‍ॅक्युपंक्चर करणारा शिकलेला आहे की नाही, कसं ओळखायचं?

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषदेकडे नोंदणी होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा, भिंतीवर प्रमाणपत्र असेल तर वाचा, कुठे आणि किती काळ शिकलात असं विचारा. हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. गोव्यात किंवा बेळगावात उपचार घेत असाल तर या नोंदणीवर विसंबता येणार नाही, तिथे मूळ वैद्यकीय शिक्षण काय आहे हे बघा.

आणि एक साधी परीक्षा: पहिल्या भेटीत तुमचे आजार, औषधं, गरोदरपण यांविषयी काहीही न विचारता कुणी थेट सुई हातात घेतली, तर प्रमाणपत्र कितीही मोठं असो, तिथे थांबू नका.

१४. कुणी सुया घेऊ नयेत? मी रक्त पातळ करण्याची गोळी घेतो.

नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर सहसा अडचण येत नाही. वॉरफेरिन किंवा तशी गोळी असेल तर ताजा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा रिपोर्ट) दाखवा. तो मर्यादेत असेल तर बारीक सुया, वरवर, आणि नंतर जास्त वेळ दाबून धरणं असं करता येतं. सुयांसाठी ती गोळी स्वतःहून बंद करणं मात्र भलतंच धोक्याचं आहे. रक्त न गोठण्याचा आजार असेल तर नको.

पेसमेकर असेल तर साध्या सुया चालतात, मशीन नाही. फिट येत असतील तरी मशीन टाळतात. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर कानात दिवसेंदिवस ठेवायच्या छोट्या सुया घेऊ नका, जंतुसंसर्ग थेट झडपेपर्यंत पोहोचू शकतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई नको. केमो चालू असेल तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणालाही सुई लावू देऊ नका. कॅन्सरची गाठ सुयांनी विरघळत नाही. मळमळ आणि थकवा यांसाठी आलात तर स्वागत आहे.

१५. मधुमेहामुळे पायांची आग होते, पाय बधिर झालेत. चालेल ना?

शुगर बऱ्यापैकी ताब्यात असेल तर चालतं. पाय मात्र आधी नीट बघायला हवेत: जखम, चीर, सूज असलेल्या जागी सुई नाही. मोक्सा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतीची धुमसती कांडी त्वचेजवळ धरून शेक देणं, बधिर पायांवर नकोच. भाजलेलं तुम्हाला कळणार नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने चिघळेल. (ही वनस्पती जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली आहे, वास ओळखीचा वाटतो तो म्हणून.)

१६. मी गरोदर आहे, किंवा राहण्याचा प्रयत्न करतेय.

आधी सांगा, अगदी शंका असली तरी. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला वरचा बिंदू, आणि पोट-ओटीपोटावरचे बिंदू परंपरेने टाळतात. त्यांनी गर्भपात होतो असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही, पण आम्हीही टाळतो, कारण त्यांच्याशिवाय काम भागतं. सकाळच्या मळमळीला सुईचीच गरज नाही. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा, मधल्या दोन शिरांच्या मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. घरी, बसमध्ये कुठेही करता येतं. पाणीही पोटात टिकत नसेल तर दवाखान्यात जा.

वंध्यत्वासाठी: आयव्हीएफमध्ये सुयांनी यश वाढतं का, यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्या काळातल्या ताणासाठी घेणं वेगळं, पण वय हातातून निघत असताना फक्त सुयांवर वर्ष घालवू नका.

१७. साइड इफेक्ट काहीच नसतात ना?

असतात. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना थोडं रक्त येणं किंवा निळा डाग पडणं. २.२ टक्के लोकांना त्यासाठी उपचार घ्यावे लागले. दोघांच्या फुप्फुसाला सुई लागली. असं फारच क्वचित होतं, पण छाती, खांदा किंवा वरच्या पाठीवर सुया घेतल्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका. रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा आणि सुया घेतल्याचं आवर्जून सांगा.

१८. सिटिंगनंतर दुखणं वाढलं. चुकीची सुई लागली का?

एक-दोन दिवस अंग जड वाटणं, टोचलेली जागा दुखणं नेहमीचं आहे. पुढच्या वेळी सुया कमी करायला सांगा. दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलं, सूज-लाली-ताप आला, किंवा हाताच्या पकडीतली ताकद गेली, तर डॉक्टरांना दाखवा. अंघोळ त्याच दिवशी चालते. पहिल्या सिटिंगनंतर काहींना गुंगी येते, म्हणून टू-व्हीलरवर लगेच निघू नका, पंधरा मिनिटं बसा.

१९. मेडिक्लेममध्ये बसतं का?

बहुतेक पॉलिसींत नाही. पॉलिसीत ‘आयुष’ लिहिलेलं असतं म्हणून लोक गृहीत धरतात, पण आयुषच्या पद्धतींत अ‍ॅक्युपंक्चर येत नाही. शिवाय हा उपचार दाखल न होता घेतला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठांसाठी: तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंग मिळतात, इतर आजारांसाठी नाही.

२०. नेटवर सुया मिळतात. व्हिडिओ बघून घरीच टोचल्या तर?

नको. फुप्फुस काही जागी त्वचेपासून दीड-दोन सेंटिमीटरवरच असतं. घरी करायचं तर दाबायचे बिंदू शिकून घ्या (प्रश्न १६ मधला मळमळीसाठीचा, मनगटावरचा बिंदू आधी शिका), बहुतेक थेरपिस्ट आनंदाने दाखवतात.

२१. मी नियमित रक्तदान करतो. सुया घेतल्यावर चालतं का?

लगेच नाही. गोंदवून घेतल्यावर किंवा कान टोचल्यावर जसं काही काळ थांबवतात, तसंच अ‍ॅक्युपंक्चरनंतरही रक्तपेढ्या थांबवतात, कारण सुयांतून आलेला संसर्ग तपासणीत दिसायला वेळ लागतो. शेवटचं सिटिंग कधी झालं ती तारीख फॉर्म भरताना सांगा, सुया नव्या होत्या तरी सांगा. पुढे कधी यायचं ते रक्तपेढीचे डॉक्टर सांगतील.